उत्तर राहिलं, वकीलबाई

कोर्टाच्या तळमजल्यावर कॉफीचं एक यंत्र होतं. नाणं गिळायचं आणि ढिम्म उभं राहायचं. सगळ्यांना हे ठाऊक होतं, तरी रोज कुणी ना कुणी फसायचंच. त्या सकाळी फसली ती वकीलबाई. काखेत फाइल, अंगात ओला रेनकोट, पोटात अन्नाचा कण नाही आणि डोक्यावर सुनावणी. तिने यंत्राला एक चापट मारली, इथे आपली भाषा कुणाला कळतेय असा हिशेब केला आणि घरच्या भाषेत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अगदी मनापासून केला. त्यात ‘मेल्या’ होतं, ‘मुडद्या’ होतं आणि तिच्या आईच्या ठेवणीतले दोन शब्द होते, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

“हळू बोला,” मागून त्याच भाषेत कुणीतरी म्हणालं. “त्याने मनावर घेतलं तर उद्यापासून गरम पाणीही देणार नाही.”

ती वळली. उंच, सडसडीत माणूस. केसांवर पावसाचे थेंब, करड्या स्वेटरच्या कोपराला व्यवस्थित केलेलं रफू आणि हातात वाफाळता कप. यंत्राने त्याला मात्र कॉफी दिली होती.

“तुम्हाला… सगळं कळलं?”

“सगळं नाही. शेवटचे दोन शब्द नवीन होते.” त्याने आपला कप तिच्यापुढे धरला. “घ्या. त्यांचा अर्थ सांगितलात तर कॉफी फुकट.”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अर्थ आईला विचारून सांगेन, असं काहीतरी ती पुटपुटली, कप मात्र घेतला आणि जिना चढून पळाली. कॉफी चांगली होती. बिनसाखरेची होती, तरी चांगली होती.

आता ही वकीलबाई कोण, ते सांगायला हवं. मार खाऊन घर सोडलेल्या बायकांचे खटले ती लढवायची. तिचं ऑफिस दोन खोल्यांचं. दाराला आतून दोन कड्या, खिडकीच्या काचेला दुधी कागद आणि कोपऱ्यात मुलांसाठी खेळण्यांची एक टोपली. तिच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका तिच्याच भाषेच्या, कामधंद्यासाठी या शहरात आलेल्या घरांतल्या. कोर्टाची भाषा वेगळी. बायका तिच्याशी घरच्या भाषेत रडायच्या, आणि ती त्यांच्यासाठी कोर्टाच्या भाषेत भांडायची.

हे भांडण तिला लहानपणापासून पाठ होतं. आईला या शहराची भाषा कधी आली नाही, त्यामुळे शाळकरी वयातच लेक आईची जीभ झाली. “सांग त्या टकल्याला, नळ गळतोय आणि त्याच्या अकलेचाही वॉशर गेलाय,” आई म्हणायची. लेक घरमालकाला सांगायची, “आई म्हणतेय, वेळ मिळेल तेव्हा नळ बघाल का?” आपली भाडेकरू किती गोड बाई आहे, असं तो घरमालक शेवटपर्यंत मानत होता. दोन्ही भाषा पोरीच्या डोक्यात अशा एकत्र नांदायच्या की आपण या क्षणी कुठली ऐकतोय, हेही कधीकधी तिला कळायचं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे याचंच महाभारत होणार आहे.

तर, सुनावणीला ती धापा टाकत पोचली आणि बघते तर साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी तोच करडा स्वेटर. कोर्टाने नेमलेला नवा दुभाषा.

शपथ घेण्याआधी त्याने हात वर केला. दुभाष्याला एक गोष्ट कोर्टाच्या कानावर घालायची आहे, तो म्हणाला. कोर्टातला दुभाषा स्वतःला कधी ‘मी’ म्हणत नाही. साक्षीदार ‘मी’ म्हणाला की तोही ‘मी’ म्हणतो, जसंच्या तसं. पण स्वतःबद्दल बोलायचं झालं तर ‘दुभाष्याला पाणी हवंय’, ‘दुभाष्याला वाक्य पुन्हा ऐकायचंय’. तशी रीतच आहे. तर दुभाष्याने सांगितलं, की आज सकाळी एका बाजूच्या वकिलांशी त्याचं मिनिटभर बोलणं झालं. विषय, कॉफीचं यंत्र.

न्यायाधीशबाई वयस्क होत्या, चष्म्यावरून बघायच्या आणि हसू आलं तर पेन खाली ठेवायच्या. वकीलबाई यंत्राला नेमकं काय म्हणाल्या, असं त्यांनी विचारलं.

“त्याचं भाषांतर कोर्टाच्या सभ्यतेत बसणार नाही,” दुभाषा गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. वकीलबाईला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

खटला होता बेकरीवालीचा. ही बाई पहाटे उठून एका बेकरीत पाव भाजायची, आणि तिची सहा वर्षांची लेक, चिमी, पिठाच्या पोत्यांमागे झोपायची. नवऱ्याला सोडून ती एका निवारागृहात आली होती. मुलगी कुणाकडे राहणार आणि नवऱ्याला तिच्यापासून कायमचं लांब ठेवायचं की नाही, एवढंच ठरायचं होतं. पण त्या ‘एवढ्यात’ बेकरीवालीचं सगळं आयुष्य होतं. मुलगी हाती लागली की तिला परदेशी भावाकडे नेऊन ठेवीन, मग शोधत बस, असं नवऱ्याने तिला बजावून ठेवलं होतं, आणि तो बोलला की करायचा.

नवरा दिसायला सज्जन. गाड्या भाड्याने द्यायचं दुकान, इस्त्रीचा शर्ट आणि कोर्टाची भाषा इतकी सफाईदार की कारकूनही माना डोलवायचे. बायकोला मात्र त्याने ती भाषा शिकू दिली नव्हती. तुला काय करायचीय, मी आहे ना, म्हणायचा. डॉक्टरकडे तो बोलायचा, शाळेत तो बोलायचा, पोलीस दारात आले तेव्हाही तोच बोलला. बायको जगाला काय म्हणते, हे इतकी वर्षं त्याच्याच तोंडून बाहेर पडत होतं. म्हणून दुभाषा म्हटला की बेकरीवालीच्या अंगावर काटा यायचा. आधीचे दोन दुभाषे आले आणि गेले. त्यांच्यासमोर तिने तोंडच उघडलं नव्हतं. हाही गेला तर ही बाई पुन्हा मुकी होणार, आणि मुक्या बाईला मुलगी कोण देणार, याच काळजीने वकीलबाईची झोप उडाली होती.

पहिल्याच दिवशी त्या दुभाष्याने घोटाळा केला. निदान वकीलबाईला तरी तसं वाटलं. विरुद्ध बाजूच्या चष्मेवाल्या वकिलांनी बेकरीवालीला विचारलं, तुम्ही कधी नवऱ्यावर हात उगारलात का? ती बराच वेळ खाली बघत राहिली आणि म्हणाली, एकदा मी त्यांच्या अंगावर ताट फेकलं होतं. दुभाष्याने तिच्याच आवाजाच्या पट्टीत, तिच्याच इतकं थांबत सांगितलं, “एकदा मी त्यांच्या अंगावर ताट फेकलं होतं.” ना एक शब्द कमी, ना एक जास्त. चष्मेवाल्यांनी आनंदाने टिपून घेतलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये लांबलचक बाक होता. त्याच्या एका टोकाला वकीलबाई फणकाऱ्याने बसली, दुसऱ्या टोकाला दुभाषा. खटल्याबद्दल एकमेकांशी बोलायला बंदी. कुठल्याही बाजूशी दुभाष्याने सलगी करायची नाही, हा नियम. सलगी दिसली की दुभाषा बदलायचा.

“तुम्हाला राग आलाय,” तो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला.

“यावर बोलायला बंदी आहे.”

“हो. मग… हवामानावर बोलू? हवामानाला बंदी नाही.”

“हवामान अत्यंत वाईट आहे,” वकीलबाई म्हणाली. “कुणाच्या अंगावर कधी काय कोसळेल, नेम नाही.”

“पण जेवढं कोसळतं, तेवढंच सांगणारा वेधशाळेचा माणूस बरा. नाही का? उन्हाचं सांगेल तेव्हा लोक विश्वास तरी ठेवतात.”

तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तो अजूनही भिंतीकडेच बघत होता, पण त्याच्या गालाला एक बारीक खळी पडली होती. पुरुषाला खळी कशाला हवी, असं तिच्या मनात आलं. मग आपल्या मनात असं का यावं, म्हणून ती स्वतःवरच चिडली.

खरी गंमत पुढे झाली. संध्याकाळी निवारागृहाच्या पायरीवर बसून बेकरीवाली म्हणाली, “ताई, त्याने ताटाचंही सांगितलं. माझ्या बाजूने काही झाकलं नाही. म्हणजे बाकीचंही झाकणार नाही. आता मी बोलेन.” आणि ती खरोखर बोलायला लागली. पुढच्या तारखेला तिचा आवाज कारकुनापर्यंत पोचला, त्याच्या पुढच्या तारखेला शेवटच्या बाकापर्यंत. तिच्या मागून दुभाष्याचा शांत आवाज यायचा. मला दार बंद करून ठेवायचे. मला भीती वाटायची. माझ्या मुलीने हे बघितलं. एक उंच माणूस भर कोर्टात ‘मला भीती वाटायची’ म्हणतोय आणि त्याला जराही कमीपणा वाटत नाही, हे वकीलबाई ऐकत राहायची. ऐकता ऐकता तिच्या छातीत काहीतरी विरघळायला लागलं.

बाकावर हवामान चालूच होतं.

“आज ढगाळ आहे.” “हो, पण दुपारनंतर उघडेल म्हणतात.” “तुम्ही छत्री आणली नाहीत?” “दुभाष्याला भिजायला आवडतं.” “दुभाष्याला सर्दी झाली तर सुनावणी पुढे जाईल.” दुसऱ्या दिवशी दुभाषा छत्री घेऊन आला. एकदा तिने रुमालात बांधून आणलेली संत्री बाकाच्या मधोमध ठेवली आणि तोंडाने फक्त “थंडी पडलीये” म्हणाली. त्याने एक सोललं, अर्धं तिच्या बाजूला सरकवलं आणि म्हणाला, “थंडी… चांगली आहे यंदा.”

आईच्या नजरेतून काही सुटत नाही. रोज जेवताना लेक हवामानाच्या बातम्या कान देऊन ऐकते, हे तिने बघितलं. “अगं ए, तुला कधीपासून पावसाची एवढी काळजी? छत्री तर तू बाकावर विसरून येतेस. मुलगा आहे की वादळ?” लेक म्हणाली, काहीतरीच काय आई. आईने तिच्या पानात आणखी एक पोळी टाकली आणि वादळाला जेवायला कधी आणणार, एवढंच विचारलं.

पण सुख पाहवत नाही म्हणतात, ते कुणाला? चष्मेवाल्या वकिलांना. एका सुनावणीला ते उभे राहिले आणि म्हणाले, दुभाषा आणि वकीलबाई यांच्यात सलगी आहे, संत्र्याच्या फोडींची देवघेव आपण डोळ्यांनी बघितली आहे, तेव्हा दुभाषा बदलावा. बेकरीवालीला भाषा कळली नाही, पण बोट कुणाकडे दाखवलं ते कळलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. नवरा शर्टाची बाही नीट करत हसला.

एवढ्याशा संत्र्यापायी चिमी जाणार होती.

न्यायाधीशबाईंनी दुभाष्याला विचारलं, काय म्हणणं आहे?

“दुभाषा आणि वकीलबाई यांचं बोलणं हवामानापलीकडे कधीही गेलेलं नाही,” तो म्हणाला. मग थांबला. खोटं बोलणं त्याच्या जिभेलाच माहीत नसावं. “पण दुभाष्याने शपथ घेतली आहे, म्हणून हेही सांगायला हवं, की… हवामानाची ही चर्चा दुभाष्याला फार आवडते. आणि संत्रं गोड होतं.”

वकीलबाईने फाइलमध्ये डोकं घातलं, पण तिचे कान सगळ्यांना दिसत होते आणि ते लालबुंद झाले होते.

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं, बराच वेळ उचललं नाही. शेवटी त्या नवऱ्याकडे वळल्या. तुम्हाला दोन्ही भाषा उत्तम येतात ना? आजवर या दुभाष्याचा एक तरी शब्द चुकला का? नवऱ्याने छाती फुगवून सांगितलं, दोन्ही भाषा आपल्याइतक्या कुणालाच येत नाहीत. आणि नाही, तसं… अजून तरी चुकलेला नाही. ठीक, न्यायाधीशबाई म्हणाल्या. मग दुभाषा राहील. यापुढे भाषांतरात चूक दिसली तर तुम्ही तिथल्या तिथे उठून सांगायचं, तुम्हाला मुभा आहे. आणि निकाल लागेपर्यंत त्या बाकावर हवामानही बंद.

झालं, हवामान बंद झालं. बाकाच्या दोन टोकांना दोघं बसायचे, मध्ये नुसती जागा. पाऊस यायचा, जायचा, त्यावर कुणी काही बोलायचं नाही. वकीलबाईने स्वतःची समजूत घातली. त्याला काय वाटतं ते मला कळलं, मला काय वाटतं ते त्याला कळलंच असेल. मग बोलायची गरजच काय? तिला ते पुरेसं वाटलं. समजलं की झालं, अशी तिची लहानपणापासूनची सवय.

ही सवय शेवटच्या साक्षीच्या दिवशी अंगाशी आली.

त्या दिवशी सकाळी दवाखान्याचा जुना अहवाल वाचून दाखवला गेला होता. बेकरीवालीचा हात मोडला होता तेव्हाचा. अहवालात लिहिलं होतं, रुग्णाच्या सांगण्यानुसार ती पाय घसरून पडली. चष्मेवाल्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि नवऱ्याने सुस्कारा टाकला. बिचाऱ्याला किती सोसावं लागतंय, असा सुस्कारा.

वकीलबाईने बेकरीवालीला विचारलं, दवाखान्यात काय झालं?

बेकरीवाली सावकाश बोलू लागली. एरवी ती नवऱ्याला ‘हे’ म्हणायची. आज पहिल्यांदा ‘तो’ म्हणाली. कोर्टाच्या भाषेत हा फरक आणायची सोय नाही, पण ज्या तिघांना कळायचा त्यांना कळला. “मी डॉक्टरांना सांगितलं, त्याने मला जिन्यावरून ढकललं. पुन्हा पुन्हा सांगितलं. डॉक्टर त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो काहीतरी बोलला आणि डॉक्टर हसले. मला वाटलं, माझं बोलणं त्यांना कळलं, आणि कळूनही ते हसले. त्यानंतर मी कुणालाच काही सांगितलं नाही.”

खोकल्याचं औषध आणायला गेल्यावर आईऐवजी बोलणारी ती छोटी मुलगी वकीलबाईला आठवली. मी नसते तर माझ्या आईचं काय झालं असतं, या विचाराने तिचे डोळे भरले. आणि त्या भरात, दुभाष्याने तोंड उघडायच्या आत, ती थेट पुढच्या प्रश्नाकडे वळली. “आता आपण शाळेतल्या प्रसंगाकडे येऊ.”

कारकुनाची बोटं थांबलेलीच होती. न्यायाधीशबाई भाषांतराची वाट बघत होत्या. चष्मेवाले सगळं ओळखून गप्प बसले. संपूर्ण खटल्यातलं सर्वांत मोठं उत्तर वकीलबाईने ऐकलं होतं, नवऱ्याने ऐकलं होतं, आणि कोर्टासाठी ते झालेलंच नव्हतं. नोंदीत त्या जागी कोरा कागद राहणार होता.

“उत्तर राहिलं, वकीलबाई,” दुभाषा म्हणाला. मग न्यायाधीशबाईंकडे वळून, “साक्षीदाराचं उत्तर अजून कोर्टापर्यंत आलेलं नाही. दुभाष्याला ते देण्याची परवानगी असावी.”

काय निसटलं होतं, ते वकीलबाईला आता कळलं. चष्मेवाल्यांनी हरकत घेतली, पण साक्षीदाराचं उत्तर नोंदीत यायचं नाही तर मग आपण इथे जमलो कशाला, असं न्यायाधीशबाईंनी त्यांना विचारलं. चष्मेवाले खाली बसले.

आणि तो बोलला. हात मागे बांधून, नजर खाली, तिच्याच लयीत. “मी डॉक्टरांना सांगितलं, त्याने मला जिन्यावरून ढकललं. पुन्हा पुन्हा सांगितलं…” डॉक्टर हसले, तिथे त्याचा आवाज किंचित थांबला, कारण तिचाही तिथे थांबला होता.

“चूक!” नवरा ताडकन उठला. मुभा होतीच, आणि दोन्ही भाषा त्याच्याइतक्या कुणाला येत नव्हत्या. चष्मेवाल्यांनी त्याची बाही ओढली, पण दुसऱ्याची चूक काढायला मिळाल्यावर हा गडी थांबणाऱ्यांतला नव्हता. “ती जिन्यावरून असं डॉक्टरांना म्हणालीच नव्हती. नुसतं ‘ढकललं’ म्हणाली होती. मी तिथे होतो.”

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. “म्हणजे ‘ढकललं’ असं ती म्हणाली होती.”

“हो, एवढंच.”

“आणि तुम्ही डॉक्टरांना काय सांगितलंत?”

नवऱ्याची नजर टेबलाकडे गेली. सकाळचा अहवाल तिथे तसाच उघडा पडला होता. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. बेकरीवाली दुभाष्याकडे बघत होती, काय झालं ते तिला कळत नव्हतं. दुभाष्याने सगळं तिला तिच्या भाषेत सांगितलं, नवऱ्याचं ‘हो, एवढंच’सुद्धा. ती ताठ झाली. डॉक्टरांना कळलंच नव्हतं. इतकी वर्षं ती ज्या हसण्याला घाबरत होती, ते तिच्यावर नव्हतंच.

निकाल पुढच्या तारखेला लागला. चिमी आईकडे राहील. नवऱ्याने घर, बेकरी आणि शाळा यांच्या आसपास फिरकायचं नाही. मुलीला देशाबाहेर नेता येणार नाही. न्यायाधीशबाई एकेक वाक्य वाचत होत्या आणि दुभाषा बेकरीवालीच्या कानाशी त्यांच्याच शब्दांत सांगत होता, “मी असा आदेश देते की मुलगी आईकडे राहील.” एवढा उंच बाप्या ‘देते’ म्हणतोय, हे ऐकून बेकरीवालीला रडता रडता हसू फुटलं.

मग एक गोष्ट झाली. न्यायाधीशबाई उठायला लागल्या तेव्हा बेकरीवालीने हात वर केला. दुभाषा पुढे सरकला, तर तिने मानेनेच त्याला थांबवलं. कोर्टाच्या भाषेत, अडखळत, एकेक शब्द पाव उलटावा तसा काळजीने उलटत ती म्हणाली, “धन्यवाद. हे मी बोलले. मी स्वतः.”

न्यायाधीशबाईंनी ते नोंदीत घ्यायला लावलं.

बाहेर निवारागृहातल्या बायकांनी बेकरीवालीला मिठीत घेऊन गुदमरवून टाकलं. चिमीला घेऊन सगळी वरात बेकरीकडे निघाली, आज पाव फुकट होते. वकीलबाई येतेच म्हणाली आणि तळमजल्यावर गेली. यंत्रासमोर तो उभा होता. हातात दोन कप.

“खटला संपला,” ती म्हणाली.

“संपला. दुभाषा मोकळा झाला.”

“मी त्या दिवशी चुकले. तुम्ही थांबवलं नसतं, तर…”

“चष्मेवाल्यांच्या साक्षीदाराचं उत्तर राहिलं असतं तरी थांबवलं असतं.”

“माहितीये,” ती म्हणाली. “म्हणूनच तर…” काचेच्या दाराबाहेर पाऊस चालू होता. त्यावर बोलायला आता बंदी नव्हती, पण दोघंही बोलेनात. मग तिने घसा खाकरला आणि कोर्टात विचारते तसं विचारलं, “दुभाष्याचं स्वतःचं काही म्हणणं आहे?”

त्याने दोन्ही कप यंत्रावर ठेवले. एवढा बोलका माणूस, दोन भाषांचा मालक, पण शब्दांसाठी चाचपडायला लागला. “दुभाष्याला… नाही. मी.” तो थांबला. या इमारतीत इतक्या वर्षांत तो हजारदा ‘मी’ म्हणाला होता, आणि एकदाही स्वतःबद्दल नाही. “माझं तुमच्यावर प्रेम आहे. यंत्राला शिव्या घातल्यात, तेव्हापासून.”

वकीलबाईच्या ओठांवर हसू मावेना. ती पटकन कप उचलून म्हणाली, “रविवारी जेवायला या. आई वाट बघतेय. ते दोन शब्द तुम्हाला तीच समजावून…”

तो जागचा हलला नाही. गालाला ती खळी पडली.

“उत्तर राहिलं, वकीलबाई.”

“पण… कळलंच की तुम्हाला.”

“कळलंय. नोंदीत नाही आलं.”

इतकी वर्षं ती आईचं बोलत आली होती, बायकांचं बोलत आली होती, सगळ्यांचं मऊ करून, मुद्देसूद करून बोलत आली होती. तिने कप पुन्हा खाली ठेवला आणि कोर्टाच्या भाषेत, पिंजऱ्यात उभं राहून सांगावं तसं स्पष्ट सांगितलं, “माझं तुमच्यावर प्रेम आहे.” जिन्यावरून उतरणारे कारकून थबकले. चष्मेवाल्यांच्या हातातली फाइल घसरली. सर्वांत वरच्या पायरीवर न्यायाधीशबाई घरी जायला निघाल्या होत्या. पर्समध्ये टाकायला घेतलेलं पेन त्यांनी कठड्यावर ठेवून दिलं.

मग तेच तिने घरच्या भाषेत सांगितलं. हळू, फक्त त्याला ऐकू जाईल इतकंच. त्याचं भाषांतर कुणी मागितलं नाही.